फांदी कुठल्या दिशेला?

सोमवार, ४ मार्च. सकाळी ६.१५

नवी रोजनिशी. चाऱ्याच्या दुकानातून मिळालेली, वर बैलाचं चित्र. एक मार्चलाच सुरू करणार होतो, पण तीन दिवस पेन सापडलं नाही.

बातमी मोठी. गॅसची नवी लाइन येतेय, अडतीस मैल. पहिला खड्डा आमच्या फाटकापासून नऊ मैलांवर. एक्केचाळीस वर्षं पाइपलाइनवर वेल्डिंग केलं, त्यातली निम्मी मोटेलच्या गाद्यांवर गेली. घरचं जेवून कामावर जाता येईल अशी लाइन पहिल्यांदाच.

अट एक. पंचवीस मार्चला यार्डात वेल्डरांची परीक्षा. जुनी सर्टिफिकेटं चालणार नाहीत. संधी एकच.

टॉन्याही बसणार. हॉलिसची मुलगी. हॉलिस आणि मी बावीस वर्षं एकाच पाइपाच्या दोन बाजूंना उभे राहिलो. जाताना हात धरून म्हणाला होता, व्हर्ल, पोरीकडे बघ. बघतोय. पोरगी आता चौतीस वर्षांची आहे. दहा वर्षं ट्रेलर आणि फाटकं जोडण्यात घालवली, पाइपावर येऊन दोनच वर्षं झालीत. पास झाली तर इथेच काम. नापास झाली तर एक एप्रिलला नॉर्थ डकोटा, तिकडच्या लाइनवर कामाची जागा धरून ठेवलीय. मग आईचं काय? लिओटाची डावी बाजू गेल्या वर्षी झटक्याने गेली. टॉन्या गेली की तिला वृद्धांच्या घरात ठेवावं लागेल. लिओटा म्हणते, चालेल मला. हे म्हणताना भिंतीकडे बघते.

तेव्हा पास व्हायचंच. शिकवणार मी. माझी स्वतःची परीक्षा काय, सोबत म्हणून देईन.

बुधवार, ६ मार्च. संध्याकाळी

वर्ग सुरू. जागा माझं गॅरेज. विद्यार्थी एक.

नियमपुस्तक काढलं. जुनंच आहे. ज्या पानाची गरज, त्याच पानावर कॉफीच्या कपाचा गोल डाग. टॉन्या म्हणाली, काका, याची नवी आवृत्ती निघालीय. म्हटलं, पोलाद तेच आहे ना? तिने पान उलटलं. पटलं असावं.

समजावून सांगितलं. पहिल्या दिवशी दोन पाइप तोंडाला तोंड लावून जोडायचे. ते मला झोपेतही जमतं. दुसऱ्या दिवशी फांदी. पुस्तकात ब्रँच म्हणतात, मी फांदी म्हणतो. बारा इंची पाइपाला पुरतं भोक पाडायचं, त्याला बारा इंचीच दुसरा पाइप लावायचा आणि सभोवती जोडायचा. माप, काप, बसवणी, जोडणी, सगळं वेल्डरने स्वतः. दोन्ही दिवस जमले तर लाइनवरचं कुठलंही काम करायची मोकळीक. एक चुकलं तरी घरी.

मग ते वाक्य आलं. मुख्य पाइप आडवा, फांदीच्या पाइपाचा अमुक उभा, खालच्या दिशेने. 'अमुक' माझा. मूळ शब्द कॉफीच्या डागाखाली गेलाय. महत्त्वाचा नसावा.

टॉन्याने वाक्यावर बोट ठेवलं. म्हणाली, काका, म्हणजे फांदी खाली लोंबती ठेवायची?

हसू आलं, पण दाबलं. म्हटलं, बाई, फांदी कधी खाली वाढलेली बघितलीस? मी शेकडो बसवल्या, सगळ्या पाइपाच्या डोक्यावर. खाली माती असते. 'खालच्या दिशेने' हे वेल्डिंगबद्दल आहे. आपण पाइपलाइनवाले वरून खाली उतरत जोडतो, घड्याळाच्या बारावरून सहाकडे. कारखान्यातली माणसं खालून वर चढतात. त्यांच्यासाठी बजावून ठेवलंय. नियम वाचायला सगळ्यांना येतात, उलगडायला यावे लागतात.

ती म्हणाली, मग तसं स्पष्ट का नाही लिहिलं? म्हटलं, इंजिनिअरांनी लिहिलंय.

हे उत्तर मला इतकं आवडलं की जेवताना नीव्हाला पुन्हा सांगितलं. बायको म्हणाली, चष्मा टोपीवरून काढून नाकावर लाव, मग उलगड. आणि तो सूपमध्ये पडतोय.

शनिवार, ९ मार्च

नमुना सापडला! चौऱ्याऐंशी साली मी आणि हॉलिसने नीव्हाच्या स्वयंपाकघरातलं लिनोलियम कापून बारा इंचीवर बारा इंचीचा नमुना केला होता. फ्रिजमागचा तुकडा घेतला होता. नीव्हा त्यावरून अजून बोलते. पाइपाभोवती गुंडाळायचा, कडेने खडूची रेघ मारायची, त्या रेघेवर कापायचं. हिशेब नाही, डोकेफोड नाही.

कोपऱ्यात हॉलिसच्या अक्षरात लिहिलंय: वर. बाण काढलाय. टॉन्याला दाखवलं. म्हटलं, बघ, तुझा बापही सांगून गेलाय. ती अक्षरावरून अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, काका, हे नमुन्याच्या कडेबद्दल असेल ना?

तिला माप स्वतः काढायला शिकायचंय. घेराचे चार भाग, मग आठ, मग सोळा. म्हटलं, कशाला? नमुना आहे.

मंगळवार, १२ मार्च

टॉन्या आली नाही. नीव्हा सांगते, ईस्टरच्या कॉयरचा सराव आहे, दर मंगळवारी आणि गुरुवारी. परीक्षा तेरा दिवसांवर आणि हिला गाणी सुचतायत. जाऊ दे. हॉलिसलाही गळा नव्हता आणि हौस होती.

एकट्यानेच एक फांदी बसवली. डोक्यावर. देखणी. नीव्हाला दाखवायला बोलावलं. म्हणाली, त्यात झाड लावता येईल.

शुक्रवार, १५ मार्च

टॉन्याच्या कॉलरला आणि खांद्याला बारीक जळकी भोकं. फांदी डोक्यावर असली तर वितळल्या धातूचे शिंतोडे बुटांवर पडतात, खांद्यावर कसे? विचारलं. म्हणाली, इस्त्री. वेंधळी आहे. परीक्षेच्या दिवशी तिच्यावर लक्ष ठेवायला हवं.

माझा उजवा हात जरासा थरथरतो. कॉफीमुळे. उद्यापासून बंद.

रविवार, १७ मार्च

कॉफी पुन्हा सुरू. बंद केल्यामुळेच थरथरत होता.

मंगळवार, १९ मार्च

नियमपुस्तकात पुढचं कलम वाचलं. नापास झालेल्याला दुसरी संधी केव्हा? अडचण त्याच्या हाताबाहेरची होती असं पटलं तर. नाहीतर पुढचं प्रशिक्षण घेतल्याचा पुरावा आणल्याशिवाय उभं करायचं नाही. आपल्याला लागणार नाही. टॉन्यासाठी खूण करून ठेवली. 'हाताबाहेरची' या शब्दाखाली दोन रेघा.

दुपारी लिओटाकडे मक्याचा ब्रेड देऊन आलो. तिने उजव्या हाताने माझी बाही धरली. जीभ अजून जड आहे, सावकाश म्हणाली, व्हर्ल, पोरीला नीट शिकवतोयस ना? म्हटलं, शब्दन् शब्द. परत येताना आमचं फाटक ओलांडून पुढे निघून गेलो. ऊन डोळ्यांवर होतं म्हणून.

शनिवार, २३ मार्च. दुपारी

सहज यार्डावरून गाडी नेली. कुंपणातून बघितलं. परीक्षेचे स्टँड लावलेत. छातीच्या उंचीवर आडवा पाइप, आणि फांदीच्या जागेची खूण पोटाकडे, खालच्या बाजूला. सगळ्या स्टँडना तशीच.

पाच मिनिटं गाडी चालू ठेवून बसलो.

मग लक्षात आलं. रात्री पावसाचा अंदाज आहे. खुणेचा रंग धुऊन जाऊ नये म्हणून पाइप उलटे फिरवून ठेवलेत. सोमवारी सरळ करतील. व्यवस्थित माणसं दिसतात.

टॉन्याला सांगायची गरज वाटली नाही. परीक्षेआधी मनात नसते किडे सोडू नयेत.

रविवार, २४ मार्च. दुपारी ४

पाऊस आलाच नाही.

सकाळी चर्चमध्ये टॉन्या तिसऱ्या बाकावर लिओटाजवळ बसलेली. कॉयर समोर गात होता. ही ईस्टरलाच गाणार असेल. राखीव.

जेवण अर्धं सोडून उठलो. पुस्तक पुन्हा काढलं. डाग ओल्या फडक्याने पुसून बघितला. शब्दच निघून गेला. नीव्हा म्हणाली, काय शोधतोयस? म्हटलं, काही नाही, उजळणी. म्हणाली, व्हर्ल, तुला शंका आली असेल तर पोरीला फोन कर. म्हटलं, शंका कसली? फोनपाशी जाऊन आलो. टॉन्याचा नंबर अर्धा फिरवला. मग ठेवला. आदल्या दिवशी मास्तरच डळमळला तर शिष्याने काय करायचं?

सोमवार, २५ मार्च. संध्याकाळी ६

पहिला दिवस फत्ते! दोन पाइप तोंडाला तोंड. मी पास, टॉन्या पास. जोडातून कापलेल्या पट्ट्या वाकवल्या, मोडल्या, सगळं स्वच्छ. चौदा जण होते, दोन गेले, बारा उरलो.

परीक्षा घेणारा बोल्स नावाचा इन्स्पेक्टर. चाळिशीचा, शर्टाला कडक इस्त्री, बोलणं कमी. म्हणाला, मिस्टर टीग, तुमच्या जोडाचा वरचा थर बघत राहावा असा आहे. टॉन्याने कोपर मारलं. म्हणाली, काका, तुमची शेपटी हलायला लागली.

हात अजिबात थरथरला नाही. फारसा.

मंगळवार, २६ मार्च. दुपारी १.२० (गाडीत बसून)

सगळं क्रमाने लिहितो. पुढे कामाला येईल.

सात वाजता बोल्सने जाहीर केलं, नमुने चालणार नाहीत. टेप, पट्टा आणि खडू, बस. मी लिनोलियम गुंडाळीतून काढत होतो. त्याने दोन्ही हातांनी, अदबीने घेतलं आणि आपल्या टेबलावर ठेवलं. ठीक. घेराचे सोळा भाग मी चौऱ्याऐंशी सालापर्यंत करत असे.

मग स्टँड. सगळे उलटेच. मी त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं की तुमच्या माणसांनी पाइप सरळ करायचे राहून गेलेत. तो म्हणाला, सरळच आहेत. मी त्याला अर्थ उलगडून सांगितला. फांदी, झाड, माती, बारावरून सहाकडे, कारखान्यातली माणसं, सगळं. कुठल्या क्षणी माझा आवाज चढला कळलं नाही. यार्डातले ग्राइंडर एकेक करून बंद पडत गेले. मागून कुणीतरी ओरडलं, आजोबा, ते झाड नाही, पाइप आहे! हशा.

बोल्स हसला नाही. त्याने पूर्ण ऐकून घेतलं, मग आपलं पुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं. माझा चष्मा गाडीत. त्यानेच वाचलं. फांदीच्या पाइपाचा अक्ष, उभा, खालच्या दिशेने. म्हणाला, अक्ष म्हणजे पाइपाची मधली रेघ. वेल्डिंगला मधली रेघ असते का, मिस्टर टीग?

अक्ष. डागाखाली अक्ष होता.

पहिला विचार स्वतःचा नव्हता. टॉन्याचा. तीन आठवडे मी तिला चुकीच्या बाजूला उभं केलं. हॉलिसचा हात आठवला, आणि लिओटा बघते ती भिंत. वळून बघायचं धाडस होईना.

वळलो. ती बादली पालथी घालून स्टँडखाली बसली होती. पाइपाच्या पोटावर खडूने चार भाग, आठ, सोळा. गुणगुणत होती. माझ्याकडे बघितलं नाही, पण म्हणाली, काका, घड्याळ बघा. एकला बंद करतायत.

मी भोक पाडलं, फांदी बसवली, बरी बसली. मग खाली शिरलो. सदुसष्ट वर्षांच्या मानेला आकाशाकडे तोंड करून दोन पाइपांच्या बगलेत घुसायचं. शिंतोडे कॉलरमध्ये, एक कानात. दोनदा रॉड चिकटला. वारा सुटला होता. हे मुद्दाम लिहून ठेवतो. वारा सुटला होता.

एकला पाच मिनिटं असताना संपवलं. बाहेरून छान दिसतंय. काळजीचं कारण नाही.

बुधवार, २७ मार्च. सकाळी ११

प्रत्येकाच्या फांदीतून चार पट्ट्या कापतात, करवतीने खाच पाडतात, हातोड्याने मोडतात आणि मोडलेली बाजू बघतात. आत काय भरलंय ते कळतं.

टॉन्याच्या चारही स्वच्छ. चौथी मोडली तेव्हा तिने डोळे मिटले होते. बोल्सला दोनदा सांगावं लागलं, मिस स्कॅग्ज, पास. मग ती यार्डात सगळ्यांसमोर खाली बसली आणि टोपीने तोंड झाकलं. लिओटाला फोन मी लावून दिला. पलीकडून हसण्याचा आवाज आला.

माझ्या पहिल्या दोन स्वच्छ. तिसरीत गव्हाच्या दाण्याएवढी राख अडकलेली. बोल्सला सांगितलं, गव्हाचा दाणा नव्हे, फार तर मोहरी. त्याने पट्टीने मोजलं. गव्हाचा दाणा.

नापास.

पण मुद्दा असा की माझी विद्यार्थिनी पास झाली. पाया मीच घातला. इतक्या अवघड बाजूने एकदाही सराव न करता जमवलं तिने. याला पाया म्हणतात.

गुरुवार, २८ मार्च

बोल्सला अर्ज दिला. अडचण हाताबाहेरची होती. वारा. त्याने विचारलं, बाकीच्या अकरा जणांना वारा नव्हता का? म्हटलं, त्यांना सवय आहे. हे उत्तर नंतर तितकंसं आवडलं नाही.

त्याने पुढचं कलम दाखवलं. प्रशिक्षणाचा पुरावा, पात्र वेल्डरच्या सहीनिशी. पुढची परीक्षा वीस मे. निघताना त्याने लिनोलियम परत दिलं. नीट गुंडाळून, दोरी बांधून.

रविवार, ३१ मार्च. ईस्टर. दुपारी

कॉयरमध्ये टॉन्या नव्हती.

जेवायला दोघी मायलेकी आमच्याकडे. हॅम, बटाटे, नीव्हाचा पीच-पाय, पीच भरून भाजलेला. मी विचारलं, गायली का नाहीस? लिओटाला हसू फुटलं, तिच्या तोंडाची एकच बाजू हसते, पण पुरेशी. नीव्हा म्हणाली, सांगून टाक आता.

कॉयर नव्हताच. मंगळवारी आणि गुरुवारी टॉन्या तंत्रशाळेच्या संध्याकाळच्या वर्गाला जात होती. पाइपाखाली बसायला. पहिल्याच दिवशी नवी आवृत्ती मिळवून वाचली होती. म्हणाली, काका, तुम्हाला सांगायला दोनदा गॅरेजपर्यंत आले. दोन्ही वेळा तुम्ही इतके खुशीत शिकवत होतात. मला वाटलं, आयत्या वेळी तुम्ही बघालच स्टँड. बघाल आणि समजेल. चूक झाली माझी.

म्हटलं, मी बघितले होते स्टँड. शनिवारी.

नीव्हाने मला पीच-पायचा मोठा तुकडा वाढला. ती असं फक्त मयताच्या घरी करते.

इस्त्रीचंही आता कळलं.

शनिवार, ६ एप्रिल

प्रशिक्षण सुरू. जागा माझं गॅरेज. विद्यार्थी एक.

फॉर्मवर दोन चौकटी. प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी. सवयीने पहिल्या चौकटीत माझं नाव घातलं. टॉन्याकडे जादा फॉर्म होता. म्हणाली, मला वाटलंच होतं.

कडक शिकवते. चष्मा नाकावर असल्याशिवाय खडू देत नाही. पुस्तकातलं वाक्य मोठ्याने तीनदा वाचायला लावलं, नव्या आवृत्तीतून. कॉफी गॅरेजच्या बाहेर. तिच्या शिकवण्यात माझी पद्धत दिसते. सुधारलेली.

मंगळवार, ९ एप्रिल. सकाळी ५.४०

आज लाइनवर पहिला दिवस. वीस मेपर्यंत टॉन्याच्या गाडीवर सल्लागार म्हणून जातोय. हजेरीच्या कागदावर 'हेल्पर' छापलंय. छपाईची चूक. गेल्यावर दुरुस्त करून घेईन.

त्याच दिवशी. संध्याकाळी ७

दुरुस्त झालं नाही. हेल्परच.

पाइप घासून दिले, रॉड दिले, ब्रश दिला. खड्ड्यात चिखल होता, टॉन्याला गुडघे टेकायला काही नव्हतं. गाडीतून लिनोलियम आणून पाइपाखाली पसरलं. ती म्हणाली, काका, बाबांचं अक्षर पुसेल. म्हटलं, बस. त्यासाठीच होतं बहुतेक. हॉलिसचं 'वर' तिच्या डाव्या गुडघ्याशी होतं.

डब्यात नीव्हाने बीन्स आणि मक्याचा ब्रेड दिला होता. दोघांनी गाडीच्या मागच्या फळीवर बसून खाल्लं. संध्याकाळी घरी जायचंय, हे दोघांनाही अजून खरं वाटत नाही.

निघताना तिने वेल्डिंगचा मुखवटा काढून विचारलं, काका, परीक्षेत फांदी कुठल्या दिशेला?

म्हटलं, खाली.

म्हणाली, बरोबर.

बरं वाटलं.